पहिलं लाकडी घड्याळ : मशीन आधी, लाकूड मागाहून

वास्तुशांतीला किंवा कुणाला भेट द्यायला लाकडी घड्याळ करायचं ठरलं की बहुतेक जण आधी लाकूड शोधायला निघतात. परड्यात पडलेली आंब्याची फळी, माळ्यावरचा जुना पाट, वाडा पाडताना निघालेला दाराचा तुकडा. फळी घासून, पॉलिश करून चकाचक होते, मग घड्याळाचं मशीन आणायला दुकानात जातात. घरी येऊन बसवायला घेतलं की कळतं, मशीनचा शाफ्ट, म्हणजे काटे बसतात ती मधली दांडी, फळीतून पलीकडं बाहेरच येत नाही. इथं निम्मी घड्याळं अडकतात आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी फोटोफ्रेम विकत आणली जाते.

म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी मशीन, त्याच्या मापानं लाकूड, आणि नाजूक काम शेवटी. सुतारकाम न येणाऱ्या माणसाला घरातल्या हत्यारांवर जमेल एवढंच इथं सांगितलंय. आपण करणार आहोत ते भिंतीवरचं साधं घड्याळ : साधारण १० इंचाची चौकोनी किंवा गोल तबकडी, पेन्सिल सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन, समोर काच नाही. लाकडी दात्यांची चाकं कापून घड्याळ करणारेही असतात. तो नाद वेगळा, आणि तो भेटवस्तूची तारीख ठरलेली असताना लावून घेऊ नये.

काय काय लागेल

सामान :
- क्वार्ट्झ मशीन, त्याच्यासोबतचे नट, वायसर (नटाखालची चपटी चकती), काळा रबर आणि तीन काटे
- २५ सेमी x २५ सेमी फळी, १२ मिमी जाड (हे माप मशीन पाहिल्यावर पक्कं करायचं)
- मागं लावायला २० मिमी जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, प्रत्येकी १८ सेमी
- फेव्हिकॉल, सँडपेपर ८०, १२०, २२० आणि ३२० नंबरचे
- सीलर (लाकडाची बारीक छिद्रं बुजवणारा थर) किंवा पॉलिश, जुना सुती कपडा
- एए आकाराचा एक पेन्सिल सेल

हत्यारं :
- ड्रिल मशीन, ३ मिमी आणि ८ मिमीचे बिट (८ चा घेण्याआधी शाफ्ट मोजा), १० मिमीचा लाकडाचा बिट
- बारीक दातांची करवत. गोल कापायचं तर जिगसॉ (वळणावर कापणारी विजेची करवत)
- गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), स्टीलची पट्टी, कंपास, टोच्या (टोचून खूण करायचा दाभण)
- कानस, पटाशी (लाकूड कोरायचं हत्यार; पुढं भाग १ मधला पर्याय २ निवडलात तरच), दोन क्लॅम्प

क्लॅम्प नसतील तर सुतळीचे वेढे आणि पीळ देऊन घट्ट केलेली काडी चालते. ड्रिल नसेल तर शेजाऱ्याकडून मागा. गल्लीत एकाकडं तरी असतंच.

१. मशीन घ्या आणि मोजा

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात सुटं मशीन मिळतं. कोल्हापुरात महाद्वार रोडला खरेदीला गेलात तर तिथंच विचारा, लक्ष्मीपुरीत हार्डवेअर घेताना चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. साधं मशीन स्वस्त असतं, या सगळ्या कामातला खरा खर्च लाकडाचा. त्यामुळं मशीनवर चाळीस रुपये वाचवायला जाऊ नका.

मशीनचा डबा साधारण ५६ मिमी चौरस आणि १५-१६ मिमी जाड असतो. त्यातून पुढं शाफ्ट निघतो. शाफ्टच्या खालच्या भागाला पितळी आटे (स्क्रूला असतात तसे पीळ) असतात, त्यावर नट बसतो. आट्यांच्या वरच्या बारीक भागावर काटे बसतात. आता मुख्य गोष्ट : फळीची जाडी ठरते ती फक्त आटे असलेल्या भागावरून, पूर्ण शाफ्टवरून नाही. पाकिटावर कधी कधी पूर्ण शाफ्टची लांबी मोठ्या अक्षरात छापलेली असते आणि नवखा माणूस त्यावर विसंबतो.

हिशेब असा :

फळीची जाडी + ३ ते ४ मिमी = आट्यांची किमान लांबी

हे ३-४ मिमी मागचा रबर, पुढचा वायसर आणि नट यांच्यात जातात. म्हणजे १२ मिमी फळीला किमान १५-१६ मिमी आटे हवेत. बाजारात सहज हातात पडतं ते मशीन पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या तबकडीसाठी केलेलं असतं, त्याचे आटे जेमतेम ५-६ मिमी. दुकानदाराला सरळ सांगा, “लाकडाच्या फळीत बसवायचंय, लांब शाफ्टचं द्या,” आणि पट्टी खिशातून काढून तिथल्या तिथं मोजा. कुणी काही म्हणत नाही.

लांब शाफ्टचं मिळालंच नाही तर दोन रस्ते आहेत :

पर्याय १ : पुढची फळी पातळ घ्या. सागाचा विनिअर (लाकडाचा कागदासारखा पातळ थर) लावलेला ४ मिमीचा प्लाय बऱ्याच ठिकाणी मिळतो. आटे ७-८ मिमीचे असतील तर हा मार्ग सगळ्यात सोपा. कडेला प्लायचे थर दिसतात, ते आवडत नसतील तर गडद रंगाचं पॉलिश कडेवर फिरवा.

पर्याय २ : जाड फळीला मागून खाच पाडा. मशीन आत मावेल अशी साधारण ६२ मिमी चौरस खाच, आणि पुढं ४ मिमी लाकूड शिल्लक, म्हणजे इथंही आटे ७-८ मिमीचे हवेत. पटाशी हातात बसलेली नसेल तर हा पर्याय पहिल्या घड्याळाला नको. एक ठोका जास्त बसला की पटाशी तबकडीतून बाहेर येते.

माझं मत विचाराल तर लांब शाफ्टसाठी चार दिवस थांबा. पुढचं सगळं काम सोपं होतं.

मशीन घेताना आणखी एक निवड करायची असते. एका प्रकारात सेकंदकाटा ठेका धरून टक टक पुढं सरकतो, दुसऱ्यात तो न थांबता सरकत राहतो. दुसऱ्याला दुकानात ‘स्वीप’ किंवा ‘सायलेंट’ म्हणतात. पुठ्ठ्याच्या घड्याळात टकटक जाणवत नाही, पण लाकडाची फळी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा आवाज मोठा करते. झोपायच्या खोलीसाठी भेट असेल तर स्वीपच घ्या. सेल थोडा लवकर संपतो, पण रात्री दोन वाजता उठून कुणी तुमची भेट कपाटात कोंडणार नाही.

मशीन उघडू नका. आत क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो, तोच तुमचा एक सेकंद. हे सगळं त्या प्लास्टिकच्या डबीत बंद असतं आणि त्यात आपल्याला सुधारण्यासारखं काही नाही. बिघडलं की मशीन बदलायचं. म्हणूनच ते कायमचं चिकटवायचं नाही, नटावरच ठेवायचं.

२. लाकूड : कोरडं आहे का, एवढाच प्रश्न

साग, आंबा, फणस, शिसव, बाभूळ, काहीही चालेल. साग महाग, पण हवा बदलली तरी कमी हलतो आणि कापायला सरळ. आंबा स्वस्त आणि रंगाला छान, पण त्याला कीड लवकर लागते. फळी आपटून पाहा, पिठासारखा भुसा पडला तर ठेवून द्या. बाभूळ टणक, घरगुती करवतीला घाम फोडते. नवख्यानं साग किंवा फणस घ्यावा.

टिंबर मार्केटमधल्या वखारीत गेलात तर पूर्ण फळी विकत घ्यायची गरज नाही. कापून उरलेले तुकडे बाजूला पडलेले असतात. “मामा, घड्याळाला एक फूटभर तुकडा हवाय,” म्हटलं की बरेचदा ढिगाकडं बोट दाखवतात. तिथंच रंधा मशीनवर १२ मिमी जाडीला मारून मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हातरंध्यानं फळी सपाट करणं हे पहिल्या दिवसाचं काम नाही. आणि वखारीत मापं इंच-सुतात चालतात : एक इंच म्हणजे ८ सूत, तर १२ मिमी म्हणजे जेमतेम ४ सूत. “४ सूत” म्हणालात की लगेच कळतं.

२५ सेमी रुंदीची एकसंध फळी महाग पडते. दोन कमी रुंदीच्या फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या तरी उत्तम. लाकडातल्या रेषा जुळतील अशा फिरवून पाहा, फेव्हिकॉल लावून एक रात्र दाबून ठेवा. सांधा बरोबर मधोमध येऊ देऊ नका, मधलं भोक सांध्यावर पडतं. एक फळी थोडी रुंद, एक अरुंद घेतली की प्रश्न मिटला.

पेठांमधले जुने वाडे उतरतात तेव्हा निघणारं सागवान सगळ्यात चांगलं. ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं. दोन गोष्टी सांभाळा. आतमध्ये तुटलेले खिळे असतात, म्हणून करवत लावण्याआधी चुंबक फिरवा. आणि जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तोंडावर मास्क, रंग पाणी मारून ओला करून खरवडायचा, आणि लहान मुलं लांब.

आता कोल्हापूरकरांसाठी खास. मृग निघाला की आपल्याकडं दारं चौकटीत अडकायला लागतात, आषाढात खिडकी लावायला खांदा लावावा लागतो. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. दिवाळीनंतर तेच पाणी सोडतं आणि आकसतं. उघड्यावर ठेवलेली फळी जुलैत आणून आठवड्यात घड्याळ केलंत तर डिसेंबरात ते वाकणार किंवा सांध्यात उघडणार. लाकूड रेषांच्या लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. हे लक्षात ठेवा, पट्ट्या लावताना कामाला येईल.

फळी वाळली का हे तपासायला यंत्र नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा, आकडा फळीवरच पेन्सिलीनं लिहा. घरात, भिंतीपासून सुटी, खाली दोन काड्या ठेवून आडवी करा म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा वजन. घटायचं थांबलं की फळी घरच्या हवेला आली. उन्हात ठेवून घाई करू नका, वरची बाजू आधी वाळते आणि फळी पन्हाळीसारखी वळते.

ओंडक्याची गोल चकती कापून त्यावर साल ठेवून केलेली घड्याळं सगळ्यांना भुरळ घालतात. माझा सल्ला : पहिल्यांदा नको. लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेनं जितकं आकसतं, ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. त्यामुळं ओल्या चकतीला गाभ्यापासून कडेपर्यंत तडा जातोच. कुणाकडं वर्षानुवर्षं वाळलेली, आधीच तडकून थांबलेली चकती असेल तर खुशाल वापरा. तो तडा सहाच्या जागी आणला की शोभूनही दिसतो.

३. आखणी, आणि ती भोक पाडण्याआधीच

हा भाग सावकाश वाचा. आखणी आधी आणि भोक नंतर. भोक पाडून झालं की कंपासचं टोक टेकवायला केंद्रच उरत नाही, आणि मग बारा खुणा अंदाजानं मारल्या जातात. अंदाजानं मारलेल्या खुणा लांबून पाहिल्या की हमखास दिसतात.

फळीच्या रेषा आडव्या ठेवा. चौकोनाचे दोन्ही कर्ण ओढा, छेदतात ते केंद्र. तिथं टोच्यानं खूण करा.

केंद्रावर कंपास ठेवून १० सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. यावर तासांच्या खुणा येणार. आता वरच्या मधल्या बिंदूवर, म्हणजे १२ वर, कंपासचं टोक ठेवा. कंपास तसाच, उघडझाप न करता, वर्तुळावर पुढची खूण करा. ती २ ची जागा. तिथून पुढची ४, मग ६, ८, १० आणि परत १२. सहा पावलांत वर्तुळ बरोबर पुरं होतं, कारण त्रिज्येएवढं पाऊल केंद्राशी ६० अंशाचा कोन करतं. शेवटची खूण पहिल्यावर बसली नाही तर कंपास सरकलाय; खोडून पुन्हा करा.

उरलेल्या सहांसाठी १२ आणि २ या दोन बिंदूंवर टोक ठेवून वर्तुळाबाहेर दोन कंस काढा. ते जिथं छेदतात तिथून केंद्राकडं रेघ ओढली की वर्तुळावर १ ची जागा मिळते. तीच रेघ केंद्राच्या पलीकडं वाढवली की ७ मिळाला. असं तीनदा केलं की बाराही जागा मिळतात. फळी लहान असल्यानं कंस बाहेर मावत नसतील तर फळीखाली मोठा पुठ्ठा घेऊन कंस त्यावर काढा, किंवा आखणी आधी कागदावर करून तो कागद फळीवर चिकटवा.

प्रत्येक जागी टोच्यानं बारीक टोचून ठेवा. पेन्सिलीची खूण घासताना जाते, टोचलेली राहते.

मिनिटांच्या साठ खुणा करू नका. लाकडावर त्या गर्दी करतात आणि एकही चुकली तर सगळं घड्याळ वाकडं वाटतं.

४. कापणं

चौकोनच ठेवायचा असेल तर गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात आहेत का बघा, करवतीनं कड सरळ करा, कानशीनं टोकं किंचित मोडा. झालं.

गोल करायचं तर त्याच केंद्रावर, खुणांच्या वर्तुळाबाहेर, कापायचं मोठं वर्तुळ काढा, जिगसॉनं त्या रेघेच्या दोन मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीनं रेघेपर्यंत आणा. हातकरवतीनं गोल कापायचा अट्टहास नको.

तिसरा मार्ग फक्त आपल्यासारख्या गावात आहे. कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव. बीडाच्या ओतकामाला आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करावा लागतो, म्हणून शिवाजी उद्यमनगरात आणि आसपास पॅटर्नवाले आहेत. त्यांच्याकडं बँडसॉ (पट्ट्याच्या पात्याची करवत) आणि घासायची फिरती तबकडी असते, गोल कापून कड गुळगुळीत करणं हा त्यांचा हातचा मळ. गर्दी नसेल अशा वेळी जा, चहाच्या वेळेला गेलात तर उत्तम. एक सावधगिरी मात्र घ्या : धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते. तुमचं माप तुमच्याच पट्टीनं घेऊन, रेघ मारूनच फळी घेऊन जा.

५. मधलं भोक

शाफ्टचा व्यास आधी मोजा. बहुतेक मशीनना ८ मिमीचं भोक पुरतं, पण ‘बहुतेक’वर विसंबून ड्रिल चालवू नये. टाकाऊ तुकड्यात आधी एक भोक पाडून शाफ्ट घालून बघा. तो सैल न पडता हातानं सहज जायला हवा.

फळीखाली टाकाऊ लाकूड घट्ट धरा, नाहीतर बिट पलीकडं निघताना ढलप्या उडतात. भोक पुढच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूनं पाडा. आधी ३ मिमी, मग ८ मिमी. ड्रिल सरळ उभं आहे का हे बघायला बाजूला गुण्या उभा करा. भोक तिरकं गेलं की काटे एका बाजूला फळीला घासतात. वायसर बसेल एवढी जागा सपाट आहे ना, तेही बघून घ्या.

६. मागच्या पट्ट्या

मशीनची जाडी १५-१६ मिमी. ते फळीच्या मागं बाहेर राहणार, म्हणून घड्याळ भिंतीला सपाट टेकत नाही. त्यासाठी २० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली, दोन्ही आडव्या. फळीच्या रेषा आडव्या ठेवायला सांगितल्या त्या याचसाठी : पट्टी आणि फळी एकाच दिशेच्या असल्या की दोघी एकत्र फुगतात, एकत्र आकसतात. रेषांना काटकोनात पट्टी पक्की चिकटवली तर पहिल्याच उन्हाळ्यात काहीतरी फाटतं.

वरच्या पट्टीत मागून, बरोबर मधोमध, १० मिमीच्या बिटनं साधारण १२ मिमी खोल भोक पाडा, आतल्या बाजूला किंचित वर चढणारं. भिंतीतल्या स्क्रूचं डोकं त्यात अडकतं. मशीनला मागं प्लास्टिकचं टांगायचं कडं असतं, त्यावर लाकडाचा भार टाकू नका. ही फळी सागाची असेल तर पट्ट्यांसह अर्ध्या किलोच्या वर जाते आणि ते कडं पुठ्ठ्याच्या घड्याळासाठी आहे.

७. घासणं

८० नंबरनं रंधा मशीनच्या खुणा काढा, मग १२०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेनं. रेषा छेदून घासलेलं पॉलिश लावल्यावरच दिसतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. २२० झाल्यावर ओलसर कपडा फिरवा, वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते पुन्हा २२० नं हलकेच काढा.

८. आकडे

सगळ्यात सोपं आणि देखणं : टोचलेल्या बारा जागी छोटे पितळी खिळे. १२, ३, ६, ९ ला दोन-दोन, बाकी ठिकाणी एक. आधी १ मिमीचं भोक, मग खिळा हलक्या हातानं. सागाला सरळ ठोकलं तर चीर जाते.

देवनागरी आकडे हवे असतील तर फक्त १२, ३, ६, ९ घ्या. छापलेला कागद आणि खाली कार्बन ठेवून आकडे उतरवायचे आणि बारीक ब्रशनं किंवा सोल्डरिंग इस्त्रीनं जाळून गडद करायचे. काही जण लेझर प्रिंट उलटा ठेवून त्यावर इस्त्री फिरवतात, म्हणजे शाई लाकडावर उतरते. तसं करणार असाल तर प्रिंट आधी आरशातल्यासारखा उलटा काढा. आपला ३ उलटला की थेट ६ सारखा दिसतो आणि ६ हा ३ सारखा, मग घड्याळावर तीन आणि सहाची अदलाबदल होते.

९. पॉलिश

सँडिंग सीलरचा एक हात, वाळल्यावर ३२० नंबर, दुसरा हात. नवख्याला एवढं पुरे. लाखेचं स्पिरिट पॉलिश जास्त सुंदर दिसतं, पण पावसाळी हवेत ते पांढुरकं पडतं. उघडीप बघून लावा. मागची बाजू विसरू नका. एकाच बाजूला पॉलिश असलं की दुसरी बाजू एकटी पाणी पिते आणि फळी वळते.

जवसाचं तेल लावणार असाल तर एक गोष्ट गंमत म्हणून घेऊ नका : तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. बोळा उघडा पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

१०. जोडणी

पॉलिश पूर्ण वाळू द्या. सेल अजून घालायचा नाही.

मागून : मशीनवर काळा रबर, मग शाफ्ट भोकातून पुढं. पुढून : वायसर, नट. मशीन चौकोनी बाजूनं सरळ ठेवा, सेलची जागा हाताला येईल अशी. नट बोटानं आवळा, मग पान्यानं पाव फेरा. जास्त जोर लावलात तर आटे जातात, कारण आटे पितळी असले तरी डबा प्लास्टिकचा असतो.

काटे, या क्रमानं :

1. तासकाटा बरोबर १२ वर दाबून बसवा.
2. मिनिटकाटाही १२ वर. काही मशीनमध्ये त्यावर बारीक नट येतो, तो विसरू नका.
3. आता मागचं चाक फिरवून काटे पुढं न्या. पुढून काटे ढकलू नका. मिनिटकाटा पुन्हा १२ वर आला की तासकाटा बरोबर १ वर हवा. नसेल तर तासकाटा काढून पुन्हा बसवा.
4. चाक फिरवत पूर्ण बारा तास पुढं न्या. या बारा तासांत मिनिटकाटा तासकाट्याला ११ वेळा ओलांडतो. प्रत्येक वेळी दोघांमध्ये कागद जाईल एवढी फट आहे का बाजूनं बघा. जिथं घासतील तिथं मिनिटकाटा हलकेच वर वाकवा.
5. सेकंदकाटा सर्वात शेवटी, मधल्या सुईवर हलक्या दाबानं.

मिनिटकाट्याचं टोक खुणांच्या अलीकडं अर्धा-एक सेमी थांबावं. १० सेमी त्रिज्येला साधारण ९ सेमीचा काटा. मोठे, जड धातूचे काटे घेण्याचा मोह टाळा, साध्या मशीनची ताकद त्यांना पुरत नाही. मग घड्याळ ९ पासून १२ कडं चढताना मागं पडायला लागतं आणि लोक सेलला दोष देतात. गडद लाकडावर काळे काटे घेऊ नका; सोनेरी किंवा पांढरे घ्या, आजोबांना खुर्चीतून दिसायला हवेत.

साधा १.५ व्होल्टचा सेल घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो, काही मशीन त्यावर कुरकुरतात.

११. द्यायच्या आधी

किमान आठवडाभर स्वतःच्या भिंतीवर चालू द्या आणि रोज मोबाईलशी ताडून बघा. चांगलं क्वार्ट्झ मशीन महिन्याला काही सेकंदच इकडं-तिकडं होतं. आठवड्यात मिनिटभर फरक पडला तर आधी काटे कुठं घासतात का बघा. घासत नसतील तर मशीन बदलून आणा. थांबलं तर सेलच्या पत्र्याला नखानं थोडं बाहेर ओढा, बरेचदा तेवढंच असतं.

बांधताना सेल काढून वेगळा ठेवा. काट्यांवर कागद चुरगळून ठेवू नका, वाकतात. खोल डब्यात तबकडी वर करून ठेवा आणि फळीच्या चार कोपऱ्यांना थर्माकोलचे तुकडे लावा. एसटीनं नेणार असाल तर मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नाही.

डब्यात सोबत एक स्क्रू आणि भिंतीतला प्लास्टिकचा गुटका टाका, म्हणजे घड्याळ कपाटावर टेकून ठेवलं जाणार नाही. लावताना थेट उन्हाची आणि ओल येणारी भिंत टाळायला सांगा. दक्षिणेची भिंत नको असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, घर त्यांचं आहे.

फळीच्या मागं पेन्सिलीनं महिना, साल आणि लाकूड कुठलं होतं ते लिहा, आणि त्याखाली मशीनच्या आट्यांची लांबी मिमीमध्ये. पाच-सात वर्षांनी मशीन बंद पडेल तेव्हा नवं कुठल्या मापाचं आणायचं ते त्यांना तुम्हाला फोन न करता कळेल.